रुग्णावर अवलंबून: निरंक

२७ जानेवारी

प्रिय धाकट्या,

तुझ्या मानसिक आरोग्य केंद्राचं पत्र काल माझ्या पत्त्यावर आलं. फायलीत जवळचा नातेवाईक म्हणून माझं नाव आहे, त्यामुळे मला पाठवलं. जसंच्या तसं उतरवतो: ‘सदर रुग्ण १० डिसेंबर, २४ डिसेंबर, ७ जानेवारी व २१ जानेवारी या भेटींना पूर्वसूचना न देता गैरहजर राहिला असून उपचारात सहकार्य करत नसल्याचे दिसते. २५ फेब्रुवारी, बुधवार, दुपारी पावणेतीनची भेट शेवटची समजावी. त्या भेटीसही गैरहजर राहिल्यास फाइल बंद करण्यात येईल.’

फाइल बंद म्हणजे डॉक्टरांची चिठ्ठी बंद, आणि चिठ्ठी बंद म्हणजे गोळ्या बंद. गोळ्या नसल्या की काय होतं ते आपण दोन वर्षांपूर्वी पाहिलं आहे. अकरा दिवस तू झोपला नव्हतास. दुकानातल्या सगळ्या चष्म्यांच्या काचा काढून टेबलावर ओळीने मांडल्या होत्यास आणि गिऱ्हाइकांना सांगत होतास, की काचेशिवायच स्वच्छ दिसतं. पुढे पाच आठवडे तू दवाखान्यात आणि भिंगरी आमच्याकडे. तिची आई जाऊन तेव्हा दोनच वर्षं झाली होती. पोरगी सात वर्षांची होती, तिला फार कळलं नाही. आता ती नऊची आहे. आता कळेल.

हे चार बुधवार तू कुठे होतास? फोनवर ‘हं’ आणि ‘बघतो’ यापुढे तू जात नाहीस, म्हणून लिहितो आहे. कागदावर नुसतं ‘हं’ लिहून पाठवायला तुझी तुलाच लाज वाटेल.

रोज सकाळी प्रार्थनेला बसतो तेव्हा तुझं नाव आधी घेतो, भिंगरीचं नंतर. पण तुझ्याऐवजी देवाने केंद्रात जाऊन बसावं अशी अपेक्षा ठेवू नकोस. वहिनी विचारते, जेवण वेळेवर होतं ना?

तुझा
दादा


२ फेब्रुवारी

प्रिय दादा,

हं.

बघ, लाज नाही वाटली.

केंद्राची भाषा इतकी मनावर घेऊ नकोस. मागच्या वर्षात तिथे माझे तीन डॉक्टर बदलले. प्रत्येक जण पहिल्यापासून सुरुवात करतो. झोप लागते का, भूक लागते का, कामावर जाता का. मी तिघांनाही तीच उत्तरं दिली. चौथा आला की छापूनच नेणार आहे. ते लिहून घेतात, मान हलवतात, आणि बाहेर पडताना पुढच्याचं नाव पुकारतात. सहकार्य कोण कोणाशी करत नाही ते एकदा येऊन बघ.

बुधवारी येता येत नाही कारण दुकानात काम फार आहे. इथल्या शाळांमध्ये डोळे तपासून गेले, अर्ध्या पोरांना चष्मे लागले. दिवसभर मी काचा घासत असतो. मालक सोडत नाहीत. पंचवीस तारखेचं बघतो.

एक मागणं आहे. केंद्राला तू पत्र लिहू नकोस आणि फोनही करू नकोस. मला भरती केलं तेव्हा फॉर्मवर तू जे लिहिलंस ते फार शहाणपणाचं होतं. तेवढं तसंच राहू दे. मी ते दोन वर्षं जिवापाड सांभाळलं आहे.

भिंगरी बरी आहे. तिच्या वर्गात ती सगळ्यात मोठ्याने कविता म्हणते. वहिनीला सांग, जेवण वेळेवर होतं, भाजी करपते ती वेगळी गोष्ट.

तुझा
धाकटा


६ फेब्रुवारी

धाकट्या,

मी दुकानात फोन केला. मालक म्हणाले, ‘बुधवारी दुपारी तर त्याला सुटीच असते. दोन वर्षं देतो आहे, दवाखान्यासाठी. मी कधी अडवलं नाही.’ मग म्हणाले, ‘का हो, जात नाही का तो?’ ‘तब्येतीची चौकशी करत होतो’ म्हटलं आणि फोन ठेवला. पन्नाशीला आलेल्या माणसाला धाकट्या भावापायी परक्याशी खोटं बोलावं लागावं, याचा मला राग आला. अजून गेलेला नाही.

तू दारू पीत नाहीस, पत्ते खेळत नाहीस. मग बुधवारी दुपारी तीन वाजता तू असतोस कुठे?

आणि ते शहाणपण कसलं? मला काही आठवत नाही. चार पानांचा फॉर्म होता. तू खाटेवर बसून छताकडे बघत होतास. मी कामावरची पाळी संपवून तसाच धावत आलो होतो, विचारलेलं भरून दिलं आणि सही केली. त्यात सांभाळण्यासारखं काय आहे?

आता सरळ सांगतो. पंचवीस तारखेला केंद्रात गेला नाहीस, तर मार्चच्या पहिल्या रविवारी मी येतो आणि भिंगरीला घेऊन जातो. इथली शाळा पाहून ठेवली आहे, घरापासून सात मिनिटांवर. वहिनीने मागची खोली रिकामी केली, पडदेही लावले. मुलीच्या जिवाशी खेळ चालणार नाही.

दादा


९ फेब्रुवारी

प्रिय काका,

मी भिंगरी. बाबांनी तुमचं पत्र कपाटावर ठेवलं होतं, मी खुर्चीवर चढून वाचलं. मला माहीत आहे की दुसऱ्यांची पत्रं वाचू नयेत. पण त्यात माझं नाव होतं.

बाबा बुधवारी तीन वाजता माझ्या शाळेत असतात. म्हणजे फाटकापाशी. आमची शाळा सव्वातीनला सुटते आणि मोठं माणूस आल्याशिवाय बाई सोडत नाहीत. पाचवीपासून एकट्याला सोडतात, मी चौथीत आहे. आधी बुधवारी वरच्या मजल्यावरच्या आजी मला न्यायला यायच्या. नोव्हेंबरमध्ये त्या त्यांच्या मुलाकडे राहायला गेल्या. बाकीच्या दिवशी बाबा दुकानातून येतात, ते जवळ आहे. केंद्र लांब आहे, दोन बस लागतात.

डिसेंबरमध्ये एकदा बाबांनी मला शाळेतून लवकर काढलं आणि केंद्रात नेलं. तिथे दारावर पाटी आहे, ‘लहान मुलांना आत आणू नये’. वॉचमनने विचारलं, ‘ही कोणाची?’ बाबा म्हणाले, ‘शेजाऱ्यांची.’ वॉचमन म्हणाला, ‘मग शेजाऱ्यांकडेच ठेवायची ना.’ मला कळलं की बाबांना खरं सांगायचं नाहीये, म्हणून मीपण मोठ्याने म्हणाले, ‘चला काका, घरी जाऊ.’ बसमध्येसुद्धा मी त्यांना काकाच म्हणत होते, गंमत म्हणून. बाबा हसले नाहीत. घरी आल्यावर त्यांनी भांडी घासली. ती आधीच घासलेली होती.

आणखी एक सांगते, पण रागावू नका. पूर्ण गोळी घेतली की बाबा सकाळी उठतच नाहीत. मी हलवते, गुदगुल्या करते, तरी नाही. दोनदा माझी शाळा बुडाली. म्हणून ते अर्धीच घेतात. ब्लेडने कापतात. म्हणतात, काचा कापणाऱ्याला गोळी कापायला काय लागतं. पाकिटात अकरा उरल्यात, मी मोजल्या.

मी तुमच्याकडे राहायला येणार नाही. काकू चांगल्या आहेत, पण मग बाबांना उठवणार कोण? पडदे कोणत्या रंगाचे लावलेत ते मात्र कळवा.

तुमची
भिंगरी


१२ फेब्रुवारी

मा. प्रमुख,
प्रौढ मानसिक आरोग्य केंद्र यांस,

मी आपल्या एका रुग्णाचा थोरला भाऊ. आपल्या २३ जानेवारीच्या पत्रावर उत्तर म्हणून हे लिहीत आहे. पत्राची एक प्रत माझ्या भावालाही पाठवत आहे.

दोन वर्षांपूर्वी भावाला भरती करताना मी फॉर्म भरला. त्यात चौदावा प्रश्न होता, ‘रुग्णावर अवलंबून असलेल्या व्यक्ती’. त्यापुढे मी ‘निरंक’ लिहिलं, हे मला परवा आठवलं. ते चूक आहे. माझ्या भावाला नऊ वर्षांची मुलगी आहे. तिची आई चार वर्षांपूर्वी वारली. घरात हे दोघंच असतात. तिचं जेवण, शाळा, अभ्यास, आजारपण सगळं तोच करतो.

अशी चूक मी का केली, हे सांगितल्याशिवाय आपल्याला ती खोटेपणाची वाटेल. मी सव्वीस वर्षं जलशुद्धीकरण केंद्रात पंपचालक आहे. आमच्याकडे पाळी बदलताना एक पद्धत आहे. येणारा माणूस पंप आपल्या ताब्यात घेतो आणि आपल्या रकान्यात लिहितो. जाणारा त्याच्या रकान्यात ‘निरंक’ लिहितो. एक पंप दोघांच्या नावावर कधी ठेवत नाहीत, कारण मग दोघंही समजतात की दुसरा बघतो आहे. त्या दिवशी मुलीला मी माझ्या घरी नेऊन आलो होतो. माझ्या हिशेबी ती माझ्या ताब्यात आली होती. म्हणून भावाच्या रकान्यात निरंक. आमच्या गावच्या शाळेत गुरुजींनी शिकवलं होतं, की रकाना कोरा ठेवायचा नाही. कोरा ठेवला असता तर बरं झालं असतं, कोणीतरी विचारलं असतं.

माझा भाऊ सहकार्य करत नाही हे खरं नाही. आपण दिलेली वेळ आणि त्याच्या मुलीची शाळा सुटण्याची वेळ एकच आहे, आणि मधे दोन बस आहेत. आपण दिलेली गोळी पूर्ण घेतली तर त्याला सकाळी उठून तिला शाळेत सोडता येत नाही, म्हणून तो अर्धी घेतो. तीन डॉक्टरांनी त्याला झोप कशी लागते हे विचारलं. उठून काय करायचं असतं, हे कोणी विचारलं नाही. मीही कधी विचारलं नाही, तेव्हा दोष एकट्या आपल्याला देत नाही.

कृपया फॉर्ममधली चूक दुरुस्त करावी, त्याला सकाळची वेळ द्यावी आणि फाइल बंद करू नये.

आपला नम्र


१५ फेब्रुवारी

दादा,

प्रत मिळाली. विचारून तरी पाठवायचं होतंस.

दवाखान्यात माझ्या शेजारच्या खाटेवर एक सुतार होता. त्याला दोन मुलं. त्याने ते सगळ्यांना सांगितलं, फोटोही दाखवले. दोन दिवसांनी कोणी बाई आल्या, घरचा पत्ता लिहून घेऊन गेल्या. मुलं त्याच्या मेहुण्याकडे गेली. तो घरी गेल्यावरही मुलं परत आली नाहीत. नंतर एकदा केंद्रात भेटला तेव्हा म्हणाला, आठवड्यातून एकदा तासभर भेटू देतात, समोर कोणीतरी बसलेलं असतं.

म्हणून डोकं ताळ्यावर आल्यावर मी फाइलमध्ये तुझ्या हातचं ‘निरंक’ पाहिलं तेव्हा मला रडूच आलं. म्हटलं, दादाने बघ कशी पोरगी वाचवली. कोणाला पत्ताच लागू दिला नाही. त्यानंतर दोन वर्षं मी तिला लपवली. डॉक्टरने विचारलं, संध्याकाळी काय करता? मी सांगितलं, रेडिओ ऐकतो. त्या वेळी मी तिचे पाढे घेत असतो. विचारलं, बाहेर जाता का? म्हटलं, एकटाच फिरतो. ती पुढे पळते आणि मी मागे धावतो. दादा, मी जो काही बरा झालो तो या गोष्टींमुळे झालो, आणि नेमकं तेच सांगायची चोरी.

आता कळतं, की तू कोणाला वाचवत वगैरे नव्हतास. तू पाळी बदलत होतास. मी पंप आहे की ती पंप आहे? ती तुझ्या ताब्यात गेली कधी? मी सही केली होती? मी छताकडे बघत होतो हे खरं, पण बाप होतोच की तेव्हाही.

आता त्यांना सगळं ठाऊक झालं. अर्धी गोळीसुद्धा. माझ्याविरुद्ध दुसरा कोणता कागद त्यांना लागणार आहे? तू मला बुडवलंस. आणि वर म्हणतोस, दोष एकट्या त्यांना देत नाही. केवढा हा मोठेपणा.

भिंगरीने तुला लिहिलं हे मला कळलं. तिनेच सांगितलं, जेवताना, मान खाली घालून. तिला मी काही बोललो नाही. बोलायचं होतं ते सगळं तुझ्यासाठी ठेवलं.

धाकटा


१८ फेब्रुवारी

महोदय,

आपले दिनांक १२ फेब्रुवारीचे पत्र मिळाले. त्यासंबंधी कळविण्यात येते की, भरतीच्या फॉर्ममधील नोंदीत बदल फक्त रुग्ण स्वतः, समक्ष, नियोजित भेटीच्या वेळीच करू शकतो. भेटीची वेळ बदलण्यासाठी सबळ कारणाची फायलीत नोंद असणे आवश्यक आहे. आपण नमूद केलेल्या कारणाची फायलीत नोंद नाही.

रुग्णांच्या मुलांसंबंधीचे प्रश्न या केंद्राच्या कक्षेत येत नाहीत. त्यासाठी बाल व कुटुंब विभागाकडे जावे. त्या विभागाकडे जाण्यासाठी या केंद्राचे शिफारसपत्र लागते. रुग्णास अपत्य असल्याची नोंद नसल्याने तूर्तास शिफारसपत्र देता येत नाही.

२५ फेब्रुवारीची भेट पूर्वीप्रमाणेच शेवटची समजावी.

(कागदाच्या मागच्या बाजूला, हाताने लिहिलेलं)

दादा, मी इथली परिचारिका. हे पत्र मीच टाइप केलंय, मजकूर साहेबांचा आहे. वाचून तुमचं डोकं फिरेल, माझंही फिरलं. पंचवीसला भावाला काहीही करून पाठवा आणि मुलीला आणायला तुम्ही शाळेत थांबा. खिडकीवर त्याला मला विचारायला सांगा. ‘उंच सिस्टर’ म्हटलं की कळतं, बाकीच्या सगळ्या बुटक्या आहेत.

दर पंधरवड्याला मी त्याला पाहायची. एकदा त्याच्या बाहीला चमकी चिकटलेली होती, शाळेत हस्तकलेला वापरतात ती. मी हसले आणि पुढचं नाव पुकारलं. विचारायला हवं होतं.

मूल आहे म्हटलं की आम्ही ते काढून घेतो, असं नाही. कधीच घेत नाही असंही खोटं सांगणार नाही. पण लपवलेलं मूल पुढे कळलं, तर त्याची बाजू घेणं मला जड जाईल. त्याने आपल्या तोंडाने सांगितलं तर मी खोलीत उभी राहीन.


२० फेब्रुवारी

धाकट्या,

केंद्राचं उत्तर सोबत आहे. पुढची बाजू वाचून संतापायचं असेल तर संतापून घे. मी तीनदा वाचलं. मुलगी आहे अशी नोंद नाही म्हणून वेळ बदलता येत नाही, आणि ती वेळ बदलत नाही म्हणून नोंद करायला जाता येत नाही. आमच्याकडे अशी पाइपलाइन कोणी टाकली असती तर त्याला घरी बसवलं असतं. मागची बाजू मात्र शांतपणे वाच.

तुझं पत्र आल्यावर दोन दिवस मी काही लिहिलं नाही. तू मला बोललास त्यातलं मला काहीच खोडता येत नाही. त्या सुताराचं तू मला आधी सांगितलं असतंस तर, असं लिहायला घेतलं होतं, पण मग लक्षात आलं की मीही तुला विचारलं नव्हतं. विचारणं सोडून आपण दोघांनी सगळं केलं.

मंगळवारी मी येतो. रजा मिळाली आहे, एकच दिवसाची, बुधवारी संध्याकाळच्या बसने परतावं लागेल. शाळेच्या बाईंना आधी चिठ्ठी दे, की काका न्यायला येतील, नाहीतर फाटकापाशी माझीच चौकशी व्हायची. केंद्रात तू एकटा जा. मी आत येणार नाही आणि तुझ्या वतीने काही बोलणार नाही. मी बोललो की काय होतं ते पाहिलं आपण.

भीती वाटते आहे हे मला कळतं. मलाही वाटते आहे. मागे मी लिहिलं होतं, की भिंगरीला घेऊन जाईन. ते वाक्य मागे घेतो.

भिंगरीला सांग, पडदे निळे आहेत.

दादा


२७ फेब्रुवारी

प्रिय दादा,

बुधवारी तुला बसचीच घाई होती आणि भिंगरी मधे बसली होती, त्यामुळे बोलता आलं नाही. म्हणून लिहितो.

पावणेतीनला मी खिडकीवर हजर. उंच सिस्टर खरंच उंच आहेत, दारातून वाकून येतात. म्हणाल्या, ‘आलात? बसा, आज उशीर आहे.’ लोखंडी खुर्च्या, समोर एक मासा असलेली काचेची टाकी. त्या माशाकडे मी सव्वा तास बघत होतो. सव्वातीन वाजले तेव्हा पाय आपोआप उठायला लागले. चार वाजता नाव पुकारलं.

डॉक्टर चौथी. वयाने लहान, नाक गळत होतं. म्हणाली, ‘झोप कशी आहे?’ मी ठरवून गेलो होतो ते सगळं विसरलो. एवढंच म्हणालो, ‘मला एक मुलगी आहे.’

तिने फाइल चाळली. ‘इथे तर निरंक आहे.’

‘ती नऊ वर्षांची आहे,’ मी म्हणालो. ‘चौथीत आहे. निरंक नाही.’

‘मग दोन वर्षं सांगितलं का नाही?’

‘तुम्ही न्याल म्हणून.’

तिने पेन खाली ठेवलं. सिस्टर दाराला टेकून उभ्या होत्या, त्या गेल्या नाहीत. मग मी सांगत सुटलो. पाढे, दोन बस, वरच्या आजी, वॉचमन. गोळी कापतो हे सांगितलं तेव्हा ती डॉक्टर भयंकर चिडली. ‘अहो, ही गोळी कापायची नसते, अर्ध्या गोळीने तुम्ही कधीही कोसळला असता. मग त्या मुलीने काय केलं असतं?’ दादा, त्या जागी माझ्यावर पहिल्यांदा कोणीतरी चिडलं. बरं वाटलं.

आता गोळी संध्याकाळी सात वाजताच घ्यायची, म्हणजे गुंगी लवकर उतरते. पंधरा दिवसांत सकाळी उठता आलं नाही तर गोळी बदलणार. भेटीची वेळ सकाळी दहा. नोंदीच्या कागदावर मुलांसाठी जागाच नव्हती, म्हणून डॉक्टरने समासात आडवं लिहिलं आणि माझी सही घेतली. बाल विभागाची शिफारस मिळाली. तिथे रांग आठ महिन्यांची आहे. आठ महिने, म्हणजे भिंगरी पाचवीत जाईल आणि एकटी घरी येईल, मग ते विचारतील काय अडचण आहे.

बारा मार्चला एक बाई घर बघायला येणार आहेत. सिस्टर म्हणाल्या, मदत काय हवी ते पाहायला. मला सुतार आठवतो. परवापासून मी खिडक्या पुसतो आहे. भिंगरी म्हणते, ‘बाबा, काच पुसून पुसून पातळ होईल.’

सोबत एक कागद आहे. मी पुन्हा आजारी पडलो तर काय करायचं, ते आम्ही दोघांनी मिळून लिहिलं, मी आणि भिंगरीने. ती कुठे राहील, शाळेला कोण कळवेल, मी दवाखान्यात आहे हे तिला खरं खरं कोण सांगेल. शेवटी मी लिहून घेतलं आहे, ‘बरा झाल्यावर ती माझ्याकडे परत येईल.’ पहिल्या ओळीत पालक म्हणून माझं नाव आहे. दुसऱ्या ओळीत तुझं, माझ्या गैरहजेरीत. दुसऱ्या ओळीवर सही कर आणि बारा तारखेच्या आत पाठव.

सही करण्याआधी वाच. तू वाचतोस, पण वाचता वाचता मनातलं भरतोस.

तुझा
धाकटा


५ मार्च

प्रिय धाकट्या,

आधी केंद्राची बातमी. त्यांचं आणखी एक पत्र आलं. ‘रुग्ण २५ फेब्रुवारीच्या पावणेतीनच्या भेटीस गैरहजर. फाइल बंद करण्याची कार्यवाही सुरू.’ तुला आत घेतलं चार वाजता, म्हणून पावणेतीनला तू नव्हतास. मी फोन लावला. तीन जणांनी तिघांकडे पाठवलं आणि एकाने फोन बाजूला ठेवून चहा प्यायला असावा, कपाचा आवाज येत होता. शेवटी उंच सिस्टर मिळाल्या. म्हणाल्या, ती पत्रं यंत्रातून आपोआप सुटतात, मी थांबवते. थांबवल्याचं लेखी द्या, असं मी म्हटलं. ते अजून आलेलं नाही. उद्या पुन्हा फोन करणार आहे, परवाही करणार आहे.

तुझा कागद मिळून चार दिवस झाले. सही आज केली. मधले तीन दिवस तो माझ्या पाळीच्या पिशवीत होता. कारण सांगतो.

केंद्राला मी पंपाच्या रकान्याचं लिहिलं ते खरं आहे. पूर्ण खरं नाही. त्या दिवशी पेन हातात होतं आणि ‘निरंक’ लिहिताना मला बरं वाटलं होतं. आमच्या लग्नाला तेव्हा अठरा वर्षं झाली होती आणि अठरा वर्षांत आमच्या घरात कोणी दार आपटलं नव्हतं. त्या पाच आठवड्यांत रोज आपटलं. वहिनी सकाळी गुणगुणायला लागली होती. मी प्रार्थनेला बसलो की तू बरा व्हावास म्हणून मागायचो, आणि त्याच दमात मनात यायचं, की एवढी घाई नको. हे मी वहिनीलाही सांगितलेलं नाही. देवाला सांगायची गरज पडली नाही, तो समोरच होता.

तू घरी आलास आणि तिला घेऊन गेलास, त्या दिवशी मी मोठ्या भावासारखा वागलो. पण फॉर्ममधलं ते अक्षर दुरुस्त करायला दोन वर्षांत एकदाही गेलो नाही. विसरलो होतो, असं तुला लिहिलं. विसरणं मला सोयीचं होतं. आणि गेल्या महिन्यात मागची खोली रिकामी झाली ती तुझ्या काळजीने झाली, असं मी स्वतःलाही सांगत होतो.

तर दुसऱ्या ओळीवर सही केली आहे. ओळ वाचली, तीच वाचली. शेवटचं वाक्यही वाचलं, आणि त्याच्याखाली ‘मान्य’ असं लिहिलं आहे, ते कोणी मागितलं नव्हतं. वहिनीनेही सही केली आहे. तिला जागा नव्हती, तिने बाजूला केली. चालत नसेल तर सांग, दुसरा कागद पाठव.

बारा तारखेला मी यावं का ते कळव. नको म्हणालास तर येणार नाही, फोनजवळ बसेन. त्या बाईंना पाढ्यांचं सांग. रेडिओचं सांगू नकोस.

आणि मे महिन्याच्या सुटीत भिंगरीने पंधरा दिवस इकडे यावं असं आम्हाला वाटतं. आधी तू ठरव, मग तिला विचार. दोघांपैकी कोणीही नाही म्हणालं तर नाही. मी दिवाळीत पुन्हा विचारीन.

तुझा
दादा